काठावरचा शंकर

मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या माणसाला महाराष्ट्र कोठे संपला हे मैलाचा दगड चटकन सांगतो, पण कानांना ते बराच वेळ पटत नाही. शिरपूर मागे टाकून, पळासनेर ओलांडून बिजासनीचा घाट चढू लागले की दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, चहाच्या टपरीवर मराठी प्रश्नाला हिंदी उत्तर मिळते. आणि तरीही सेंधव्याच्या बाजारात मिरचीच्या राशीशी बसलेल्या बाया आपापसांत जी निमाडी बोलतात, तिच्यातले कितीतरी शब्द खानदेशातल्या अहिराणीशी सोयरीक सांगत असतात. पुढे खलघाटाशी नर्मदा येते. गोदावरीच्या काठी आयुष्य काढलेल्या मला नदीचे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते. परंतु पूल लागताच बसभर जी एक हालचाल झाली, कोणी कनवटीचे नाणे काढले, कोणी पायांतली चप्पल बाजूस सारली, कोणी नुसतेच ‘नर्मदे हर’ म्हणून हात जोडले, ती पाहून माझेही हात आपोआप जुळले. आमच्या नाशकातही गोदामाईला नाणे वाहतात, पण ते घाटावर उतरून, संकल्प सोडून, उपाध्यायांच्या साक्षीने. येथे मात्र धावत्या गाडीतून, शेजाऱ्याशी चाललेले कांद्याच्या भावाचे बोलणे न तोडता, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जाता-येता नमस्कार करावा तसा तो नमस्कार होता.

गुजरीपासून विंध्याची चढण सुरू होते. आपल्या सह्याद्रीचे घाट चढताना माथा आल्याची खूण वाऱ्याने पटते. येथे ती मातीने पटते. मानपूरचा घाट संपला की दोन्ही बाजूंना काळीभोर, भेगाळलेली आणि तरी ओल धरून राहिलेली जमीन पसरते. दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणाने आपला मुलूख घडवला त्याच पाषाणाची ही माती असल्यामुळे परमुलखात आल्याची भावना येथेही पुरती होत नाही. माघ सरत आला होता. गहू ओंबीवर आला होता, लसणाचे वाफे दाट हिरवे दिसत होते, आणि हरभऱ्याच्या शेतांवरून आंबूस वास येत होता. माळव्याची माणसे आपल्या भूमीचा अभिमान सांगताना, येथे पावलोपावली भाकरी आणि पावलोपावली पाणी आहे असे म्हणतात. त्यातल्या पाण्याच्या भागासाठीच मी येथवर आलो होतो. त्यातही पाण्याच्या कडेसाठी, आणि त्या कडेवर हिवाळा काढणाऱ्या एका चिमणीएवढ्या गाणाऱ्या पक्ष्यासाठी.

त्या पक्ष्याला आपल्याकडे शंकर म्हणतात, कोणी निळकंठी म्हणतात. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर-मध्यमेश्वरचा जो जलाशय आहे, आणि ज्याला २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला, तेथे मी त्याला थंडीच्या दिवसांत पाहत आलो आहे. परंतु एकाच जागी पाहिलेल्या पाहुण्याची पुरती ओळख होत नाही. तो आणखी कोणाकडे उतरतो, तेथे त्याला काय वाढतात, तेथली माणसे त्याला ओळखतात की नाही, हे कळावे अशी इच्छा बरीच वर्षे मनात होती.

महू हे गाव माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. या तालुक्यात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो: दक्षिणेच्या उतारावरचा चोरल नदीने नर्मदेला मिळून पश्चिम समुद्राकडे, आणि उत्तरेच्या उतारावरचा चंबळ आणि गंभीर यांच्या वाटेने यमुनेकडे, म्हणजे अखेर गंगेकडे. गावाचा इतिहासही असाच एका कडेवरून सुरू होतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि होळकरांच्या मुलखात इंग्रजांची कायमची फौज तैनात करण्यासाठी जॉन मालकमने महूस छावणी घातली. मराठी सत्तेच्या अस्तातून जन्मलेल्या या छावणीतच पुढे, १४ एप्रिल १८९१ रोजी, लष्करी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. २००३ साली गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. बाजारात, बोलण्यात मात्र जुने नाव अजून चालते. जन्मस्थळावरच्या स्मारकात मी गेलो तेव्हा विदर्भातून आलेले एक कुटुंब पायऱ्यांवर बसून डबा सोडत होते. त्यांच्यातल्या आजीबाईंनी मला मराठी बोलताना ऐकले आणि काही न विचारता माझ्या हातावर ठेचा लावलेली अर्धी भाकरी ठेवली.

माझे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. मूळ गाव साताऱ्याकडचे, परंतु नोकरीची शेवटची वर्षे महूत गेली आणि मग ते येथलेच झाले. वहिनी मात्र इंदुरातल्याच, चार-पाच पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीत आलेल्या घराण्यातल्या. त्यांचे कुलदैवत अजून जेजुरीचा खंडोबा आहे, देव्हाऱ्यातला टाक त्यांच्या पणजीने सासरी येताना आणलेला आहे, आणि त्यांच्या मराठीत हिंदीची एक मऊ लकेर अशी मिसळली आहे की आग्रह करताना ती फार गोड लागते. ‘भाऊसाहेब, पोहे अजून घ्या ना, काही नाही होत,’ असे त्या म्हणाल्या की नाही म्हणणे अशक्य होते. आपल्याकडे पोहे म्हणजे घरातला पदार्थ. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे ठेवायचा, वर खोबरे आणि कोथिंबीर पेरायची, आणि पाहुण्यांनी तो बेताने खायचा. माळव्यात पोहे बाजाराचे आहेत. मोठ्या परातीत वाफेवर ठेवलेले, किंचित गोडसर, बडीशेप घातलेले. त्यांच्यावर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा मसाला. आणि शेजारी गरम जिलबी. सकाळी मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हमाल, शाळामास्तर, बोहरी व्यापारी आणि फिरून परतलेला लष्करी अधिकारी एकाच परातीभोवती उभे राहून खातात, आणि ‘भिया राम’ म्हणून एकमेकांची विचारपूस करतात. खाण्याला उंबरठा नसलेले हे गाव मला मनापासून आवडले.

दुसऱ्या दिवशी उजाडता सुभेदारसाहेब मला त्यांच्या ओळखीच्या एका खेड्याच्या तलावावर घेऊन गेले. तलाव फार मोठा नव्हे. पावसाळ्यात बांधापर्यंत भरतो, कार्तिकापासून पाणी मागे सरू लागते, आणि सरत्या पाण्यामागे उघड्या पडणाऱ्या गाळात गावकरी गहू आणि हरभरा पेरतात. आपल्याकडे याला गाळपेर म्हणतात. पाण्यात शिंगाड्याचे पीक असते. ते आता निघून गेले होते आणि उपटलेल्या वेलांच्या काळपट गुंड्या काठाच्या चिखलात कुजत पडल्या होत्या. पश्चिमेच्या बाजूस पाणकणसाचे दाट बेट होते. त्याच्या पुढे आठ-दहा हात रुंदीचा ओल्या चिखलाचा पट्टा आणि मग पाणी, अशी ती रचना होती. पाण्यावर हळदीकुंकू बदके होती, वारकरी पक्ष्यांचा काळा मेळा होता, शिंगाड्याच्या उरल्यासुरल्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटे टाकीत चालला होता. पहिल्यांदा येणाऱ्याची नजर तिकडेच जाते. सुभेदारसाहेबांना मी खुणेने थांबवले आणि आम्ही दोघे एका बाभळीच्या बुंध्याशी चिखलाच्या पट्ट्याकडे तोंड करून बसलो.

पाणकणसाच्या मुळाशी ‘चक्’ असा कोरडा आवाज झाला. थोड्या वेळाने तेथून एक तपकिरी पक्षी बाहेर आला, चार उड्या टाकून थबकला, शेपटी उंच केली, पुन्हा पळाला. पाठीकडून पाहिले तर त्याच्यात लक्षात राहण्यासारखे काही नव्हते: मातीचा रंग, डोळ्यावर फिकट भुवई, लांबट सडपातळ पाय. परंतु शेपटी उघडताच तिच्या बुडाशी दोन्ही अंगांना तांबूस चटके दिसले, आणि तो आमच्याकडे वळला तेव्हा सुभेदारसाहेबांनी नकळत माझा दंड धरला. हनुवटीपासून छातीपर्यंत झगझगीत निळाई, तिच्या मधोमध तांबडा ठिपका, आणि खाली काळी, पांढरी आणि विटकरी अशा तीन रेघांची किनार. हिवाळ्याच्या आरंभी नराचा हा गळा फिकट पांढुरक्या टोकांनी झाकल्यासारखा, मळकट दिसतो. माघ-फाल्गुनाकडे गळ्यावर नवी पिसे येतात आणि निळाई स्वच्छ होत जाते. आमच्या पुढ्यातल्या पक्ष्याचा गळा जवळजवळ पुरा उजळला होता. या निळाईत निळे रंगद्रव्य मुळीच नसते. पिसाच्या सूक्ष्म घडणीवरून प्रकाश जसा परततो तसा तो रंग उमटतो, आणि त्यात मनुष्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचाही मोठा वाटा असतो. शंकराच्या मादीला तो दिसतो आणि नर निवडताना ती त्याचा विचार करते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणजे आम्ही दोघे जे पाहून स्तब्ध झालो ते तिच्या दृष्टीने अपुरेच दर्शन होते. मादीला स्वतःला हा साज नसतो. तिचा गळा दुधाळ पांढरा आणि त्याखाली काळसर ठिपक्यांची माळ असते.

तो जेवत होता. कुजलेल्या शिंगाड्याच्या एका गुंडीशी आला, मान तिरपी करून क्षणभर पाहिले, बारीक चोच खुपसून एक पांढुरकी अळी ओढली, ढेकळावर दोनदा आपटली आणि गिळली. मग चिखलावर बसलेली एक माशी उडण्याआधी टिपली. मग हरभऱ्याच्या वाफ्याच्या कडेला जाऊन एक हिरवी अळी घेतली आणि पुन्हा पाणकणसाच्या सावलीत नाहीसा झाला. या पक्ष्याचे सारे अन्न असे जमिनीलगत असते: भुंगेरे, मुंग्या, माश्या, अळ्या, कोळी, कधी बारीक गोगलगाय, शरद ऋतूत थोडी फळे आणि बियाही तो खातो. परंतु अन्न असून भागत नाही. ते उघड्यावर असावे लागते, आणि त्या उघड्यापासून दोन उड्यांवर दाट आडोसा असावा लागतो, कारण काठावरून भोवत्या शिकारी पक्षी सारखा घिरट्या घालीत असतो. पाणी सरकते तसा गाळाचा नवा पट्टा दर आठवड्याला उघडा पडतो, त्यात नवे किडे सापडतात. आणि आडोसा मात्र आहे तेथेच राहतो. शंकराचे हिवाळ्यातले सारे संसारशास्त्र या दोन गोष्टींच्या शेजारावर उभे आहे. भर पाणी त्याला नको, कोरडे रानही नको. ऊस, ओलावलेली उंच पिके, पाटाच्या कडेचे गवत, नदीकाठचा बोरू, जेथे ओल आणि आडोसा एकमेकांना भेटतात तेथे तो राहतो.

या राहण्याचा विस्तार ध्यानात घेतला की मन दिपून जाते. १७५८ साली लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यात स्वीडनचा निर्देश केला, कारण त्याच्या ओळखीचा शंकर तेथल्या ओल्या झुडपी रानातला होता. स्कँडिनेव्हियापासून रशिया आणि सैबेरियाची सारी रुंदी ओलांडून थेट अलास्काच्या पश्चिम टोकापर्यंत, दलदलीच्या कडेने उगवणाऱ्या विलो आणि बर्च यांच्या खुरट्या रानांत तो विणीचा उन्हाळा काढतो. गवताच्या गड्ड्याखाली, जमिनीवरच घरटे करतो. तेथे तो गातो, आणि गाताना आसपासच्या अन्य पक्ष्यांचे आवाज आपल्या गाण्यात अशा सफाईने गुंफतो की ऐकणाऱ्याने कोण गाते आहे याचा शोध घेत राहावे. आपल्या देशातही त्याचे माहेर आहे: लडाखात सिंधू, श्योक आणि नुब्रा यांच्या काठी विलोच्या आणि काटेरी सीबकथॉर्नच्या जाळ्यांत त्याची एक उपजात वीण करते. थंडी पडली की हे सारे पक्षी, बहुधा रात्रीचा प्रवास करीत, दक्षिणेकडे उतरतात. कोणी स्पेनात आणि आफ्रिकेत, कोणी अरबस्तानात, आणि फार मोठ्या संख्येने भारतीय उपखंडात. युरोपातले बहुसंख्य छोटे पक्षी आफ्रिकेची वाट धरतात. परंतु नॉर्वे आणि झेक प्रजासत्ताक येथल्या तांबड्या ठिपक्याच्या शंकरांच्या पाठीवर एक ग्रॅमहून हलकी प्रकाशनोंदी उपकरणे बांधून, पुढच्या वर्षी परत सापडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी वाचल्या तेव्हा त्यांची वाट पूर्वेला वळून आपल्या उपखंडाकडे आल्याचे उघड झाले. ज्याचे वजन वीस ग्रॅमांच्या आतबाहेर आहे असा जीव नॉर्वेच्या डोंगरी दलदलीतून उडतो, वाटेत रशियाची मैदाने आणि मध्य आशियाचे वैराण प्रदेश ओलांडतो, आणि हिवाळा काढायला जी जागा शोधतो ती अशी, कोणा शेतकऱ्याने शिंगाड्याचे वेल उपटून टाकलेली चिखलाची कड असते.

हे मी सुभेदारसाहेबांना सांगत असताना ज्यांचा हरभरा होता ते पटेल येऊन आमच्या शेजारी उकिडवे बसले होते. माळव्यात गावच्या प्रमुखाला पटेल म्हणतात आणि त्याच्याशी बोलताना आवाज चढवीत नाहीत. त्यांनी सारे ऐकून घेतले, मग हिंदीत म्हणाले, ‘इसको तो मैं बचपन से देख रहा हूँ. गेहूँ में पानी देते हैं तो नाली-नाली भागती है. पर इतनी दूर से आती है, ये किसी ने बताया नहीं.’ नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. घरी नेऊन त्यांनी आम्हांला दाल-बाफले जेवू घातले. बाफल्याचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, आणि फोडून तुपात बुडवतात. आमच्याकडे पाहुण्याच्या भातावर तुपाची धार धरतात आणि ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाट पाहतात. येथे पाहुण्याचे ‘पुरे’ जमेस धरण्याची रीतच नाही.

महूचे आणि पक्ष्यांच्या अभ्यासाचे नाते जुने आहे, आणि त्यात मराठी माणसांचाही धागा गुंतलेला आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ज्या आठ गृहस्थांनी एकत्र येऊन मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे दोन डॉक्टर होते, आणि चार्ल्स स्विन्हो नावाचा एक लष्करी अधिकारीही होता. हा स्विन्हो महूच्या छावणीत राहिलेला. लेफ्टनंट बार्न्स याच्यासह त्याने मध्य भारतातल्या पक्ष्यांवर लिहिलेला प्रबंध १८८५ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात छापून आला, आणि पाठोपाठ १८८६ साली महूच्या फुलपाखरांची आणि पतंगांची त्याने केलेली नोंदही लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे सालिम अलींनी इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, धार या संस्थानांच्या मुलखातून पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात १९३९-४० साली आला. संध्याकाळी छावणीच्या चिंचांखालून फिरताना मला स्विन्होच्या पतंगांच्या यादीचेच अधिक कौतुक वाटत होते. कारण पतंगाआधी त्याची अळी असते, आणि ज्या भूमीत अळ्यांचे इतके वैविध्य नोंदले गेले तेथे कीटकभक्षी पाहुण्याची पंगत कशी भरगच्च असेल, हे त्या यादीवरून दिसते. पक्ष्यांवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. अळ्यांची नोंद ठेवणारा विरळा.

जानापावच्या डोंगरावर आम्ही गेलो ते चंबळेचा उगम पाहण्यासाठी. जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणून या डोंगराची ख्याती आहे. कोकणच्या लोककथेत ज्या परशुरामाने समुद्र हटवून भूमी काढली त्याचे जन्मस्थान माळवा आपल्याकडे मानतो, आणि दोन्हीकडच्या श्रद्धा आपापल्या जागी सुखाने नांदतात. वरच्या कुंडाचे पाणी फार थोडे होते. त्या कुंडापासून खाली उतरणारी ओल जेथे पहिल्यांदा रुंद होते आणि गवत दाटते, तेथे दोन धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरत होते, शंकर नव्हता. उगमाशी त्याला पुरेसा गाळ नसतो. पाताळपाण्याच्या धबधब्याशीही तो नव्हता, आणि तेथे असण्याचे कारणही नाही. कड्यावरून कोसळणारे पाणी पाहायला आलेल्या माणसांची तेथे गर्दी होती. कोसळणारे पाणी माणसाला आवडते, थबकलेले पाणी पक्ष्याला. आणि आपल्या सहलींचे सारे नकाशे पहिल्या पाण्याचे आहेत.

गंभीर नदीवर होळकरांनी बांधलेला यशवंत सागर मात्र थबकलेल्या पाण्याचे मोठे राज्य आहे. इंदुराच्या पाण्याची तरतूद म्हणून तो झाला, आणि आज त्याच्या कडेच्या शेतांतून सारस पक्ष्यांची जोडपी दिसतात. गव्हाच्या शेतात मनुष्याएवढी उंच सारसाची जोडी उभी आणि शेतकरी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पाणी पाजतो आहे, हे दृश्य महाराष्ट्रात आता फारसे कोठे उरलेले नाही, म्हणून मी ते डोळे भरून पाहिले. सारस एकनिष्ठ जोडीसाठी पूज्य मानला जातो, त्यामुळे त्याच्या घरट्याला कोणी सहसा हात लावीत नाही. शंकराला असे पुण्याचे कवच नाही. परंतु सारसाच्या घरट्यासाठी राखलेली दलदलीची कड त्यालाही पुरते, आणि पाटाच्या प्रत्येक वळणाशी मला त्याची उंचावलेली शेपटी दिसत होती. इंदूर शहराच्या पश्चिमेचा सिरपूर तलावही होळकरशाहीतला. शहराने वेढलेल्या त्या तलावाची चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे राखण केली. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे रामसर यादीत आली. रात्री सराफ्यात तळलेल्या गराडूवर लिंबू पिळून खाताना, एका शहराने आपल्या उशाशी एवढी पाणथळ जिवंत ठेवली याचा मला हेवा वाटत होता. आमच्या शहरांतल्या तळ्यांचे काय झाले ते नाशिक-पुण्याच्या माणसाला सांगायला नको.

परतण्याआधी पुन्हा त्या खेड्यात गेलो. पटेलांनी पटवाऱ्याकडून गावच्या नकाशाची नक्कल आणून ठेवली होती. येत्या उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायचा आणि काठ दगडांनी बांधून काढायचा असे ठरले होते, आणि ते काम कोठवर जाणार हे त्यांना आम्हांला दाखवायचे होते. नकाशात तलाव एका बारीक शाईच्या रेघेने काढलेला होता. ती रेघ भरल्या पावसाळ्याची. तिच्या आत पाणी, तिच्या बाहेर शेते. काठाला स्वतःची अशी रुंदीच नाही. आणि वस्तुतः त्या रेघेपासून वैशाखातल्या पाण्यापर्यंत जी जमीन दरसाल उघडी पडते, ज्यात पटेलांचा हरभरा होतो, शिंगाड्याचे वेल कुजतात, पाणकणीस वाढते आणि नॉर्वे-लडाखचे पाहुणे उतरतात, ती दप्तरी कोठेच नाही. गाळ काढू नये असे माझे म्हणणे नाही. तलाव उथळ झाला तर गाव तहानेने मरेल, आणि पाणी गेले तर पक्षीही जाईल. परंतु चारी बाजूंनी दगड बसवला म्हणजे पाणी दगडाशीच सरकते, चिखल उघडा पडत नाही, पाणकणसाला मूळ धरायला जागा राहत नाही, आणि स्वच्छ, देखण्या तलावाकाठी अळी-किडे टिपणाऱ्याला उभे राहायला वीतभर भूमी उरत नाही.

सुभेदारसाहेबांनी कागद पुढे ओढला. सैन्यात त्यांनी आयुष्यभर अर्ज लिहिले आणि लिहून घेतले, त्यामुळे मायना, विषय, विनंती अशी शिस्तीची हिंदी त्यांच्या लेखणीतून झरझर उतरली. पूर्व, उत्तर आणि दक्षिण या बाजूंस ठरल्याप्रमाणे काम व्हावे. पश्चिमेचा काठ, जुन्या विहिरीपासून बाभळीच्या झाडापर्यंत, मातीचा आणि उतरता राहू द्यावा. गाळपेरीची वहिवाट चालू ठेवावी. पटेलांनी एक कलम स्वतः घालायला लावले. गोठ्यांच्या छपरांसाठी गाव दरवर्षी पाणकणीस कापतो, ते बंद करा असे कोणी सांगितले तर मान्य होणार नाही. पण कापणी केव्हा करावी हे ठरवता येईल. मला त्यांनी विचारले, ‘ये चिड़िया जाती कब है?’ मी सांगितले, एप्रिल उतरता उतरता बहुतेक सारे निघून जातात. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि अर्जात लिहायला सांगितले की पश्चिमेच्या काठचे पाणकणीस अक्षय्य तृतीयेनंतर कापले जाईल, त्याआधी नाही, आणि एकाच वर्षी सगळे नाही. निम्मे यंदा, निम्मे पुढच्या साली. खाली त्यांनी सही केली, त्यांच्या भावाने केली, शिंगाड्याचा मक्ता असलेल्या गृहस्थाने अंगठा उठवला. अर्जाच्या तीन प्रती झाल्या. एक पंचायतीला, एक तहसील कचेरीला, आणि तिसरी पटेलांनी घडी करून नकाशाच्या नकलेबरोबर आपल्याच पेटीत ठेवली.